दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचे पुनरुज्जीवन

घराच्या पडवीत, गोदामाच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली गोणपाट पांघरून उभी असलेली जुनी मोटारसायकल आपल्या देशातील पुष्कळ गावांत आढळते. घरातील कोणी वडीलधारे गृहस्थ एके काळी तिच्यावरून कचेरीला किंवा शेतावर जात असत. पुढे ते थकले, मोटारसायकल भिंतीशी उभी राहिली आणि वीस-पंचवीस वर्षे तेथेच राहून गेली. मग एखाद्या सुटीत घरातील तरुण मुलगा गोणपाट बाजूला सारतो, टाकीत बाटलीभर पेट्रोल ओततो आणि मोठ्या उत्साहाने किकवर पाय ठेवतो.

नेमक्या ह्याच क्षणी थांबावयास हवे. उभे राहून वीस वर्षांत जेवढी हानी झाली नसेल, तेवढी ह्या एका मिनिटात होऊ शकते. गंजलेल्या सिलिंडरवर दट्ट्याची कडी ओरखडे पाडतील, कोरड्या बेअरिंगवर पोलाद घासले जाईल, आणि दुर्दैवाने एंजिन सुरू झालेच, तर निकामी ब्रेक असलेले वाहन रस्त्यावर येईल. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण यंत्रांच्या बाबतीतही खरी आहे.

यंत्र उभे राहिले म्हणजे ते विश्रांती घेत नाही. चालण्याने होणारी झीज थांबते हे खरे. परंतु हवा, पाणी आणि काळ ह्यांचे कार्य अखंड चालू असते. हे कार्य कोणते ते प्रथम समजून घ्यावे, आणि ज्या क्रमाने ते उलगडता येईल त्याच क्रमाने हात घालावा, एवढेच ह्या पाठाचे सार आहे.

उदाहरणादाखल एक यंत्र

विवेचन नेमके व्हावे म्हणून आपण एक परिचित यंत्र डोळ्यांपुढे ठेवू. ‘बुलेट’ हे नाव इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कारखान्याच्या मोटारसायकलींना १९३० नंतरच्या दशकात मिळाले. भारतीय सेनेला सरहद्दीवरील कामासाठी अशा मोटारसायकली हव्या होत्या. त्या निमित्ताने १९५५ साली मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आरंभी इंग्लंडहून आलेल्या भागांची येथे जुळणी होई. पुढे सर्व भाग देशातच तयार होऊ लागले. मूळ आराखड्यात फारसा बदल न होता ही मोटारसायकल अनेक दशके बनत राहिली. त्यामुळे तिचे बहुतेक सुटे भाग आजही मिळतात, ही नवशिक्याला मोठीच सोय आहे.

तिच्या एंजिनाला एकच सिलिंडर आहे. त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याचा, म्हणजेच पिस्टनचा, प्रवास ९० मिलिमीटर आहे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरून विद्यार्थ्यांनी ह्या प्रवासात व्यापले जाणारे घनफळ काढून पाहावे. ते सुमारे ३४६ घन सेंटिमीटर येते. ‘साडेतीनशे’ हे नाव ह्यावरूनच पडले आहे.

म्हैसूर येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेली जावा किंवा एके काळी खेडोपाडी दिसणारी राजदूत ही यंत्रे दुघाती आहेत. त्यांत वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. त्यामुळे तेलासंबंधीचा पुढील भाग त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही; बाकीची तत्त्वे मात्र तीच आहेत.

उभ्या यंत्रात काय घडते?

पहिला शत्रू गंज होय. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले म्हणजे लोखंडाचा जलयुक्त ऑक्साइड बनतो. मीठ असल्यास ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणूनच कोकणात किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावर उभी असलेली मोटारसायकल जेसलमेरच्या कोरड्या हवेत उभी असलेल्या मोटारसायकलपेक्षा लवकर गंजते. गंजाचा एक गुण विशेष ध्यानात ठेवावा. ज्या लोखंडापासून तो बनतो, त्याहून तो अधिक जागा व्यापतो. दोन भागांमधील केसाएवढ्या फटीत गंज वाढला की ते भाग एकमेकांत पाचर मारल्यासारखे घट्ट बसतात. नट न सुटण्याचे आणि दट्ट्या अडकण्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरा शत्रू म्हणजे जुने पेट्रोल. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक उडून जातात. मागे राहिलेल्या घटकांपैकी काहींचा प्राणवायूशी संयोग होऊन चिकट, तपकिरी राळ तयार होते. कार्बुरेटरमधील सुईच्या अग्राएवढी छिद्रे ती बुजवून टाकते.

तिसरी गोष्ट बॅटरीची. शिसे व गंधकाम्ल ह्यांची बॅटरी विद्युत्भारहीन अवस्थेत पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे मोठे, कठीण स्फटिक बनतात. त्यानंतर ती पूर्ववत भारित होत नाही. वीस वर्षे पडून असलेली बॅटरी वाचवण्याचा खटाटोप करू नये.

चौथी गोष्ट रबराची. टायर, नळ्या आणि तारांवरील आवरणे ह्यांवर प्राणवायू व ओझोन ह्यांचा परिणाम होऊन ती कडक होतात आणि त्यांना भेगा पडतात.

पाचवी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बुलेटच्या तेलाची टाकी क्रँककेसच्या ओतकामातच सामावलेली असते. एंजिन चालू असताना एक पंप तेल बेअरिंगांकडे पाठवतो आणि दुसरा ते परत टाकीकडे आणतो. यंत्र उभे राहिले की तेल पंपाच्या सूक्ष्म फटींतून थेंब थेंब झिरपत क्रँकच्या पोकळीत साठते. म्हणजे जेथे तेल हवे तेथे ते नसते आणि जेथे नको तेथे साचलेले असते.

पहिले काम: पाहणे आणि लिहिणे

पाना हातात घेण्यापूर्वी वही हातात घ्यावी. चौकटीवरील आणि एंजिनावरील क्रमांक लिहून घ्यावेत आणि नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. ते जुळत नसतील तर पुढील खर्च करण्याआधीच त्याचा उलगडा व्हावयास हवा. प्रत्येक तार, नळी व केबल कोठून कोठे जाते त्याचे छायाचित्र किंवा रेखाचित्र काढावे. काढलेले नट व वायसर निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. आज स्पष्ट आठवते ते तीन आठवड्यांनी आठवत नाही, हा प्रत्येक कारागिराचा अनुभव आहे.

टाकीतील जुने पेट्रोल प्रथम काढून घ्यावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्वालेनेही पेट घेऊ शकते. हे काम उघड्यावर करावे, जवळपास दिवा, विडी किंवा शेगडी नसावी. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही वाफ असते. म्हणून अशा टाकीला झाळकाम करण्याचे धाडस घरी मुळीच करू नये.

अडकलेला दट्ट्या

आता ठिणगी-प्लग काढावा आणि किक हाताने अलगद दाबून पाहावी. दट्ट्या सहज हलला तर उत्तम. तरीही प्लगच्या छिद्रातून दोन चमचे स्वच्छ तेल सोडून एक दिवस जाऊ द्यावा.

दट्ट्या हलत नसेल, तर बळ वापरण्याचा मोह आवरावा. एंजिन थांबते तेव्हा पुष्कळदा एखादी झडप उघडी राहते. तिच्यातून दमट हवा आत शिरते आणि बिडाच्या सिलिंडरवर, दट्ट्याच्या कड्यांलगत गंजाचे वलय तयार होते. त्यावर उपाय म्हणजे पातळ, झिरपणारे तेल आणि वेळ. डिझेल व हलके तेल ह्यांचे मिश्रण आत ओतावे आणि आठवडाभर रोज थोडे थोडे घालत राहावे. तेल अरुंद फटींत केशाकर्षणाने शिरते. त्याला घाई चालत नाही.

त्यानंतर मोटारसायकल सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागील चाक दोन्ही हातांनी पुढेमागे हलवावे. वरचाच गिअर का? चाकाच्या एका फेऱ्यात एंजिनाचे फेरे ह्या गिअरमध्ये सर्वांत कमी होतात. म्हणून चाकावर लावलेल्या बलाचा एंजिनावर होणारा परिणाम येथे सर्वांत अधिक असतो. तरफेचेच हे तत्त्व आहे. एक केसभर हालचाल झाली तरी ती शुभ समजावी. पुन्हा तेल घालावे आणि पुन्हा हलवावे. ह्या मार्गाने यश न आल्यास सिलिंडर उतरवावा लागतो. परंतु वरून हातोडा मारू नये. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो फुटला तर धीराने वाचणारे एंजिन घाईने मोडीत जाते.

दट्ट्या मोकळा झाल्यावर सिलिंडरची भिंत प्रकाश पाडून पाहावी. हलका डाग चालेल. परंतु नखाला जाणवणारे खड्डे असतील तर सिलिंडर कारखान्यात नेऊन आतून कापून घेणे आणि मोठ्या मापाचा दट्ट्या बसवणे प्राप्त आहे.

वंगण

जुने तेल टाकीतून तर काढावेच, पण क्रँकच्या पोकळीत साठलेले तेलही तळाचे बूच उघडून काढावे. त्यात चकाकणारे धातूचे कण किंवा पाण्याचे थेंब दिसल्यास त्याची नोंद करावी. आतील बेअरिंगांची स्थिती त्यावरून कळते. तेलाची चाळणी रॉकेलने धुवावी आणि गाळणी नवी घालावी. प्राथमिक साखळीची पेटी आणि गिअरपेटी ह्यांतील वंगणही बदलावे.

नवे तेल भरल्यावर लगेच एंजिन सुरू करू नये. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर फिरते. तो थर नसेल तर धातू धातूवर घासतो. यास्तव प्लग काढलेलाच ठेवून किक पुन्हा पुन्हा हळू फिरवावी. प्लग नसल्यामुळे दाब निर्माण होत नाही आणि पंप मात्र फिरतो. झडपांच्या रॉकरकडे जाणाऱ्या तेलनळीचा जोड किंचित सैल करून तेथे तेल येईपर्यंत हे काम चालू ठेवावे. हे दहा-पंधरा मिनिटांचे कष्ट हजारो रुपयांचे बेअरिंग वाचवतात.

इंधनाचा मार्ग

टाकीच्या आत गंज असेल तर सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात विरघळवून टाकीत भरावे आणि एक दिवस ठेवावे. ते गंज विरघळवते. नंतर धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाने उरलेले आम्ल नष्ट करावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि टाकी उन्हात त्वरित वाळवून आत थोडे तेल फिरवावे. उघडे पडलेले लोखंड ओले राहिल्यास काही तासांतच पुन्हा तांबूस होते.

कार्बुरेटर पूर्ण उकलून विद्रावकात भिजवावा. इंधन मोजून सोडणारी छिद्रे दाबाच्या हवेने साफ करावीत. त्यांत तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र किंचित मोठे झाले तरी हवा व पेट्रोल ह्यांचे प्रमाण कायमचे बिघडते.

इंधननळी नवी घालताना आजच्या पेट्रोलचा विचार करावा. २०२५ पर्यंत भारतातील पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि जुन्या काळच्या काही रबरांना व वायसरांना ते मानवत नाही. म्हणून इथेनॉल सहन करणारी नळी वापरावी आणि मोटारसायकल पुन्हा दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास टाकीत व कार्बुरेटरमध्ये पेट्रोल ठेवू नये.

ठिणगी

ज्या बुलेटमध्ये बॅटरी व कॉइल ह्यांची योजना आहे, तिच्यात ठिणगी कशी निर्माण होते ते पाहू. दोन धातूंचे स्पर्शक, ज्यांना कारागीर ‘पॉइंट’ म्हणतात, ते मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. स्पर्शक उघडताच प्रवाह तुटतो, क्षेत्र एकाएकी कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. हाच दाब प्लगच्या टोकांमधील अंतर ओलांडतो.

वीस वर्षांत स्पर्शकांवर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. बारीक पॉलिश कागदाने ते घासावेत, स्वच्छ फडक्याने पुसावेत आणि पूर्ण उघडलेले असताना त्यांच्यातील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे. तारांचे आवरण वाकवताच तडकत असेल तर संपूर्ण तारसंच बदलावा. उघडी तार आणि पेट्रोल ह्यांची भेट एकदाच होते.

आधी थांबणे, मग चालणे

बहुतेक नवशिके एंजिनाचा आवाज ऐकण्यासाठी अधीर असतात आणि ब्रेकांचे काम शेवटी ठेवतात. हा क्रम उलटा असावा. कारण गणितानेच स्पष्ट होईल. मोटारसायकल सुमारे १६० किलोग्रॅम आणि चालक ७० किलोग्रॅम धरल्यास एकूण वस्तुमान २३० किलोग्रॅम होते. ताशी २५ किलोमीटर वेगाला त्यांची गतिज ऊर्जा सुमारे ५,५०० जूल असते; ताशी ५० किलोमीटरला ती दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे २२,००० जूल होते. ही सर्व ऊर्जा ब्रेकांनी उष्णतेत बदलावयाची असते. तेलकट किंवा काचेसारखे गुळगुळीत झालेले अस्तर ते काम करू शकत नाही.

म्हणून दोन्ही चाके काढून ब्रेकचे ड्रम उघडावेत. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. ती फुंकू नये, ब्रशने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून फडके पिशवीत बंद करावे. अस्तरे व स्प्रिंगा नव्या घालाव्यात. ब्रेक, क्लच व थ्रॉटल ह्यांच्या केबलींच्या टोकाशी एकही धागा तुटलेला असेल तर केबल बदलावी. चाकांच्या बेअरिंगांतील सुकलेले ग्रीस धुऊन नवे भरावे. आऱ्यांवर एकेक करून पान्याने हलकेच टिचकी मारावी. सैल आरा बद्द वाजतो.

टायरांच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. नक्षी खोल असली तरी वीस वर्षांचे रबर जुनेच असते. टायर, ट्यूब आणि रिमवरील पट्टी ही तिन्ही नवी घालावीत.

पहिली किक

आता, आणि आताच, पहिल्या किकचा अधिकार आपल्याला प्राप्त झाला. मोटारसायकल उघड्या जागी उभी करावी. बंद खोलीत एंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राण घेतो.

पेट्रोल सोडून चावी फिरवावी. किक हळू दाबत जावी. पाय अडेल तेथे दट्ट्या दाबाच्या टप्प्यात आलेला असतो. विद्युत्प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा काटा मध्यावर आला की स्पर्शक उघडले असे समजावे. मग दाब सोडणारी छोटी दांडी दाबून दट्ट्या शिखराच्या किंचित पलीकडे न्यावा, दांडी सोडावी, किक वर येऊ द्यावी आणि एकच पूर्ण, निश्चयी दाब द्यावा. दट्ट्या शिखरापूर्वीच असताना अर्धवट किक मारली, तर एंजिन उलटे फिरून घोट्याला जबर इजा करू शकते.

आरंभी पांढरा-निळा धूर निघेल. सिलिंडरमध्ये घातलेले तेल जळत असते. तो काही मिनिटांनी कमी व्हावा. लयबद्ध ठोक्यांत धातूचा कर्कश आवाज मिसळला तर तत्काळ बंद करावे. हे एंजिन वाऱ्याने थंड होते, म्हणून एका जागी फार वेळ चालू ठेवू नये.

पहिल्या फेऱ्या निर्मनुष्य रस्त्यावर, शिरस्त्राण घालून, ताशी तीस किलोमीटरच्या आत कराव्यात. प्रत्येक फेरीनंतर नट, तेलाची पातळी आणि चाकांच्या मध्यभागाची उष्णता तपासावी.

रस्ता, कायदा आणि स्मृती

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २०२१ साली केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. अशी नोंदणी असलेले वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज वाहनांच्या फेऱ्या, इंधन भरणे व दुरुस्ती ह्यांसाठी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वा व्यापारी वापरासाठी नव्हे. आपल्याला कोणता मार्ग योग्य, आणि आपल्या शहरात जुन्या वाहनांवर वेगळे निर्बंध आहेत काय, ह्याची प्रादेशिक परिवहन कार्यालयात काम सुरू करण्याआधीच चौकशी करावी.

शेवटी एक सूचना. जे सुरक्षिततेसाठी आवश्यक ते सर्व नवे घालावे. परंतु जे केवळ जुने दिसते ते पुसून टाकू नये. टाकीवर गुडघे घासून उडालेला रंग, कोणी हाताने ओढलेली सोनेरी रेघ, हॅन्डलच्या मुठीवर पडलेले बोटांचे वळ ही त्या यंत्राची दप्तरे आहेत. ती एकदा खरवडली की परत मिळत नाहीत. नवे ब्रेक आणि जुना रंग एकाच मोटारसायकलवर सुखाने नांदू शकतात. आणि ज्यांनी ती एके काळी चालवली, त्यांना ती पाहताक्षणी ओळखू येते.

करून पाहा

१. तीन काचनळ्यांत एकेक लोखंडी खिळा ठेवा. पहिलीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी घाला. ह्या दोन्ही उघड्या ठेवा. तिसरीत उकळून गार केलेले पाणी घालून वर तेलाचा थर द्या. आठवड्याने तिन्हींची तुलना करा आणि फरकाचे कारण लिहा.

२. मोटारसायकल दीर्घकाळ ठेवावयाची झाल्यास दट्ट्या दाबाच्या टप्प्याच्या शिखरावर आणून ठेवतात. त्या स्थितीत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात हे लक्षात घेऊन ह्या प्रथेचा लाभ सांगा.

३. वरील उदाहरणातील मोटारसायकल ताशी ७५ किलोमीटर वेगाने जात असल्यास तिची गतिज ऊर्जा ताशी २५ किलोमीटरच्या किती पट होईल?